तानाबाईंची मोजणी

जंगलात शिरणाऱ्या माणसाला तानाबाई सिडाम कधी नाव विचारत नसत, काम विचारत नसत. ‘पान ठेवा,’ एवढंच म्हणत. नव्या नोकरीच्या तिसऱ्या दिवशी मी जामटोल्याच्या नाल्यापाशी पोहोचलो तेव्हा मलाही त्यांनी तेच सांगितलं. अंगावर कडक इस्त्रीची खाकी, मोबाइलमध्ये गस्तीचं ॲप, आणि डोक्यात परीक्षेत मिळालेल्या गुणांची हवा. नाल्याच्या काठावर जांभळाचं एक जुनं झाड होतं, त्याच्याखाली काळा सपाट खडक, आणि खडकाच्या कडेला पाय सोडून बसलेली पन्नाशीची एक बारकी, काटक बाई.

‘ओ भाऊ, पान ठेवा.’

मी थांबलो. म्हटलं, ‘बाई, मी फॉरेस्टचा माणूस आहे. नवीन वनरक्षक.’

‘म्हून त सांगून राह्यली. फारेस्टच्या मानसाले वाघ सोडून देते काय?’

खडकावर जांभळाची सात-आठ पानं ओळीनं मांडलेली होती आणि प्रत्येक पानावर एकेक खडा. पद्धत सोपी होती. आत जाताना जांभळाचं एक पान तोडायचं, खडकावर ठेवायचं, वारा नेऊ नये म्हणून वर खडा ठेवायचा. बाहेर आलात की खडा बाजूला सारायचा आणि आपलं पान नाल्यात टाकून घरी जायचं. खडकावर पान आहे म्हणजे माणूस आत आहे. उन्हाळ्यात साग, पळस, मोह सगळे उघडे पडतात, जांभूळ तेवढं हिरवं राहतं, म्हणून जांभूळ. शेवटचं पान नाल्यात पडेपर्यंत तानाबाई तिथून उठत नसत. कुणी फार वेळ आलं नाही तर गावातून चार माणसं कुऱ्हाडी आणि वाजवायला डबे घेऊन शोधायला निघत. मी मुकाट्यानं पान ठेवलं. त्या दिवशी दुपारी परत आलो तर खडकावर माझं एकट्याचंच पान उरलं होतं आणि बाई तशाच बसलेल्या होत्या. जेवल्या नव्हत्या. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

मुलचेऱ्याच्या बाजूला, मुख्य रस्ता सोडून आत गेलं की जामटोला लागतो. साठेक घरांचं गाव, बहुतेक गोंड, थोडी कुणब्यांची घरं. जंगल शासनाचं, पण राखायचं शासनानं आणि गावानं मिळून, अशी योजना होती आणि त्यासाठी समिती होती. तानाबाई तिच्या अध्यक्ष आणि मी, वनरक्षक म्हणून, गावाच्या बोलीत नाकेदार म्हणून, सचिव. गस्त दोघांनी घालायची, आग अडवायच्या जाळरेषा दोघांनी काढायच्या, बांबू कुठला तोडायचा आणि कुठला सोडायचा ते दोघांनी ठरवायचं. कागदावर हे वाचायला बरं वाटतं. प्रत्यक्षात बऱ्याच गावांत सचिव ठराव लिहितो आणि अध्यक्ष अंगठा लावतो. इथं तसं चालणार नाही हे पहिल्याच सभेत कळलं. मी ठराव वाचून दाखवला, तानाबाईंनी तो मला पुन्हा वाचायला लावला, मग तिसऱ्यांदा, आणि मग म्हणाल्या, ‘हे आमी बोललोच नाई. आमी बोललो थे लिवा.’

समितीचा शिक्का त्या कमरेच्या बटव्यात ठेवत. त्याच बटव्यात तंबाखूही असे. त्यामुळे आमच्या समितीच्या सगळ्या ठरावांना तंबाखूचा वास यायचा. रेंजरसाहेब कागद हातात घेतला की नाक मुरडून म्हणायचे, ‘जामटोला आला वाटतं.’ पानं ठेवण्याचा ठराव त्यांच्यासमोर गेला तेव्हाही ते हसले होते. ‘जंगलात प्रवेश करणाऱ्या प्रत्येकाने जांभळाचे एक पान ठेवावे’ हे वाक्य मी माझ्या सरकारी अक्षरात लिहिलं होतं आणि खरं सांगायचं तर लिहिताना मलाही हसू आलं होतं. आमच्या ॲपमध्ये मी किती किलोमीटर चाललो हे मीटरपर्यंत कळत होतं. पानाचं काय कौतुक?

तानाबाईंना ॲप दाखवलं तेव्हा त्यांनी ते नीट पाहिलं. नकाशावरची माझी निळी रेघ बोटानं चाचपली. ‘तुमी कुठी कुठी गेले थे दिसते यात. तुमी घरी आले काय, हे कोनाले दिसते?’ मी म्हटलं, ऑफिसला दिसतं. ‘ऑफिस नाल्यावर येऊन बसते काय?’ मी मोबाइल खिशात घातला.

त्यांचं एक बोलणं मी पुढे अनेक प्रशिक्षणांत माझं म्हणून वापरलं, आणि टाळ्याही घेतल्या. एकदा चोरीच्या सागावरून वाद झाला होता. झाड तुटलं ते गस्तीत नेमकं कुणाच्या वाट्याला आलेल्या भागात, यावर गावकरी आणि आमची माणसं तासभर भांडत होती. तानाबाई ऐकत होत्या. मग मला म्हणाल्या, ‘भाऊ, लाकूड अर्धं होते. मोह अर्धा होते. जिम्मेदारी अर्धी होत नाई. थे पुरी तुमची हाय अन् पुरी माही हाय.’ आणि दुसऱ्या दिवशी त्या स्वतः त्या बुंध्यापाशी जाऊन बसल्या, मला बोलावणं न धाडता. मी आपसूकच गेलो.

मोहाखाली आग लावण्याची पद्धत त्यांनीच बंद पाडली. मोहफूल पहाटे गळतं. खाली पाचोळा असला की दिसत नाही, म्हणून लोक पाचोळा पेटवून जमीन साफ करायचे, आणि दर वर्षी त्यातली एखादी आग हातची जाऊन डोंगर जळायचा. खात्यानं फलक लावून पाहिले, दम देऊन पाहिला. तानाबाईंनी रेंजरसाहेबांना सांगितलं, ‘साहेब, एक घंटा मोह वेचून पाहा, मंग बोला.’ साहेब भले गृहस्थ होते, आणि त्या दिवशी त्यांच्याबरोबर पाहुणे होते, त्यामुळे नाही म्हणता येईना. अर्ध्या तासात त्यांनी कंबर धरली. त्याच आठवड्यात खात्याकडून गावाला खराटे मिळाले. पाचोळा जाळायचा नाही, झाडायचा. पहिल्या वर्षी तानाबाईंनी दुसऱ्यांच्या मोहाखालीसुद्धा स्वतः झाडून दिलं. आग थांबली. साहेब परत जाताना बाईंनी त्यांना जे सांगितलं ते मात्र ते विसरले असतील, मी विसरलो नाही. ‘वाकलेलं मानूस वाघाले मानूस नाई दिसत, साहेब. त्याले थे जनावर दिसते.’

माझ्या तिसऱ्या वर्षी मोह आला तो असा वाकवणाराच. आमच्या हद्दीतल्या जंगलात एक वाघीण दोन पिल्लं घेऊन आली होती. झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यात आली, मग नाल्याच्या वाळूत पंजे दिसले, मग गावच्या दोन गाई गेल्या. मी ग्रुपवर फोटो टाकत होतो, दवंडी देत होतो, एकट्यानं जाऊ नका, सूर्य वर आल्याशिवाय जाऊ नका. पण मोह पंधरा-वीस दिवसांचा पाहुणा असतो, तो कुणासाठी थांबत नाही, आणि ज्यांच्या घरी वर्षभराचं तेल-मीठ त्यावर चालतं त्या बायांना घरी बसा कसं म्हणायचं? समितीनं ठरवलं, बाया गटानं जातील, उन्हं अंगावर आल्यावर जातील, दहाच्या आत परततील, आणि पानं ठेवतील. ठरावाला कुणी हसलं नाही.

तानाबाईंची थट्टा त्या दिवसांत आटली होती. त्या खडकावर बसून जंगलाकडे कान देऊन असायच्या. सकाळी माकडं ओरडायची ती नेहमीसारखी नाही, एका ठिकाणाहून सुरू होऊन पुढे पुढे सरकत जायची, आणि मग एकदम बंद. एकदा मी जवळ जाऊन बसलो तर त्या हळूच म्हणाल्या, ‘यंदा आपून जंगलाले नाई पाहून राह्यलो, भाऊ. थेच आपल्याले पाहून राह्यलं.’ मी उगाच मोबाइल काढून कॅमेऱ्यांची बॅटरी तपासायची आहे अशी नोंद केली.

आणि याच दिवसांत आमच्या समितीची निवड ‘आदर्श’ म्हणून व्हायची होती. जिल्ह्यावरून मोठे साहेब पाहणीला येणार होते. आठ दिवस आधीपासून धावपळ. नाल्यापाशी नवा फलक उभा राहिला, त्यावर वाघाचं चित्र, समितीचं नाव, तानाबाईंचं नाव. गावात मंडप, जेवण. साहेब साडेनऊला नाल्यावर येतील, फलकापाशी फोटो होईल, मग गावात सभा.

त्या सकाळीही बाया मोहाला गेल्या होत्या. तानाबाई खडकावर होत्या. नऊच्या सुमाराला गावातून निरोप आला की अध्यक्षबाईंनी तयार व्हावं, ओवाळायला त्यांनीच उभं राहायचं आहे. त्या हलेनात. खडकावर चार पानं उरली होती. मीच पुढे होऊन म्हटलं, ‘बाई, तुम्ही जा. मी बसतो ना इथं. मी सचिव आहे, माझीही जबाबदारीच आहे.’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खडकाकडे पाहिलं. मग उठल्या. मी पाच वर्षं त्या गावात काम केलं, पण मोजणी चालू असताना त्यांनी आपली जागा दुसऱ्याला दिली ती तेवढ्या एकदाच. जाताना म्हणाल्या, ‘पान हालू देऊ नोका.’

त्या गेल्या आणि दहाच मिनिटांत रेंजरसाहेबांचा फोन आला. गाडी अगदी नाल्याशीच थांबेल, फोटोत तो खडक येईल, तिथं दगडगोटे आणि पाचोळा पडलेला असतो तो साफ करून घ्या. मी ‘साहेब, ती पानं’ इतकंच म्हणालो असेन. त्यांना ऐकूही गेलं नसेल, मागे गाड्यांचा आवाज होता. मी त्यांच्यावर काही ढकलत नाही. खराटा फलकाच्या खांबाला टेकवून ठेवलेला होता, मोहासाठी मिळालेल्यांपैकीच एक, आणि तो उचलला मी. मनात म्हटलं, चारच तर आहेत. चार बाया बाहेर येतील, मी मोजीन. पानांपेक्षा माणसं मोजलेली काय वाईट? खडक स्वच्छ झाला. खालची माती मी खराट्याच्या सुंदर रेघा उमटतील अशी झाडली. लग्नाच्या अंगणात झाडतात तशी.

गाड्या आल्या. धूळ, नमस्कार, पुष्पगुच्छ. त्याच वेळी जंगलातून बाया टोपल्या घेऊन बाहेर आल्या आणि मोठे साहेब खूश झाले, म्हणाले, यांना घ्या फोटोत. टोपल्या डोक्यावर घेऊन बाया फलकापाशी उभ्या राहिल्या. मी मोजल्या. चार. माझ्या मनावरचं ओझं उतरलं आणि मी साहेबांच्या मागे गावाकडे निघालो.

त्या चौघींतली एक निर्मला होती. ती आठ वाजताच बाहेर येऊन, स्वतःचं पान नाल्यात टाकून घरी गेली होती. फोटोत बाया कमी दिसतील म्हणून कुणीतरी तिला टोपलीसकट परत बोलावलं होतं आणि गर्दीत ती गावाच्या बाजूनं आली हे मी पाहिलं नाही. मी टोपल्या मोजल्या होत्या.

मंडपात तानाबाई ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या होत्या. मला पाहताच त्यांनी डोळ्यांनी विचारलं. मी मान हलवली. सगळे आले.

सभा झाली, भाषणं झाली, साहेबांनी समितीचं कौतुक केलं, गाड्या परत गेल्या. मग गावजेवण. बाया स्वयंपाकात, वाढण्यात, त्यामुळे घरोघरी कोण कुठं आहे याचा पत्ता कुणालाच नव्हता. चारच्या सुमाराला तानाबाईंचा दीर चैतराम मंडपात आला आणि म्हणाला, ‘वयनी, मैना तुमच्यासंग नाई काय? मले वाटलं वाढून राह्यली इथी.’

मैना त्याची बायको, तानाबाईंची धाकटी जाऊ. तानाबाईंच्या हातात भाताचं घमेलं होतं. ते त्यांनी खाली ठेवलं आणि कुणाशी एक शब्द न बोलता चालू लागल्या. जंगलाकडे नाही, आधी खडकाकडे. मी मागोमाग धावलो. खडक उन्हात तापून चकाकत होता. त्या वाकल्या, मातीतल्या खराट्याच्या रेघा बघितल्या, एका रेघेवर बोट फिरवलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, ‘भाऊ, तुमी चार मोजले?’

‘हो.’

‘कोन कोन?’

मी तीन नावं घेतली. मग निर्मलाचं घेतलं.

‘निर्मला त आठ वाजताच माह्यासमोर पान टाकून घरी गेली व्हती,’ तानाबाई म्हणाल्या. आवाज चढला नाही, कापला नाही. त्या उठल्या आणि गावाकडे तोंड करून चैतरामला हाक मारली.

मैना सापडली तेव्हा उजेड चांगला होता. गावापासून फार तर अर्ध्या तासाची वाट. बरोबरच्या तिघींना ती आधीच परतली असं वाटलं होतं, आणि खडकावर तिचं पान नव्हतं म्हणून ते खरंही वाटलं. मोहाच्या बुंध्याला टेकून बसलेली होती. वाघिणीनं एकदाच झडप घातली असावी आणि पिल्लांना घेऊन निघून गेली असावी, कारण तिला पुन्हा तोंड लावलेलं नव्हतं. मांडी फाटली होती. त्या मांडीवर मैनानं आपला पदर फाडून आवळून बांधला होता, दोन गाठी मारून. शेजारी टोपली सरळ ठेवलेली होती. चैतराम तिच्याजवळ बसला आणि तिचा हात हातात घेऊन म्हणाला, ‘गरम हाय.’

एप्रिलचं ऊन असतं. त्या उन्हात शरीर लवकर गार पडत नाही, त्यावरून काही सांगता येत नाही. हे मी स्वतःला इतक्या वेळा समजावलं आहे की आता ते मला पाठ आहे. पण त्या दोन गाठी बांधायला वेळ लागला असेल, आणि त्यानंतर ती कुणीतरी येईल म्हणून बसली असेल, कारण पान मागे राहिलं की माणसं येतात हे तिला ठाऊक होतं. दहा वाजता माणसं निघाली असती तर साडेदहाला तिच्यापाशी असती. त्या वेळी आम्ही टाळ्या वाजवत होतो.

तिसऱ्या दिवशी ग्रामसभा बसली. रेंजरसाहेब होते, पोलीस होते, गाव सगळं होतं. आरडाओरडा होईल, आम्हाला कोंडतील, असं आम्ही धरून गेलो होतो. तसं काही झालं नाही. चैतराम उभा राहिला. ‘पानं व्हती. मंग समजलं काऊन नाई? कोन मोजून राह्यलं व्हतं?’

तानाबाई समोर बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. ठराव वाचून दाखवायची माझी वेळ आली की पाहत तसं, आता तुम्ही बोला, अशा नजरेनं. मला कळत होतं की ही जागा त्यांनी माझ्यासाठी मोकळी ठेवली आहे. मला नोकरी दिसत होती, चौकशी दिसत होती, वैनगंगेकाठच्या आमच्या घरात माझ्या पगारावर बहिणीचं चालू असलेलं नर्सिंग दिसत होतं. आणि चैतरामच्या खांद्यावरची कुऱ्हाड दिसत होती, हेही कबूल करतो. मी समोरचं रजिस्टर उघडलं आणि त्यात काहीतरी शोधू लागलो.

मग तानाबाई म्हणाल्या, ‘मोजाची जिम्मेदारी माही व्हती. मी खडक सोडून उठली. गलती माही हाय.’ बटव्यातून शिक्का काढून त्यांनी टेबलावर ठेवला आणि त्या बायांत जाऊन बसल्या.

अहवालात मी लिहिलं की नोंदीची पद्धत अस्तित्वात होती, परंतु त्या दिवशी मानवी चुकीमुळे ती पाळली गेली नाही. यात एकही शब्द खोटा नाही. असं वाक्य लिहायला शिकायला माणसाला नोकरीत बरीच वर्षं लागतात, मला ते एका रात्रीत जमलं. विहारात पंचशील म्हणताना मात्र खोटं न बोलण्याच्या ओळीपाशी माझा आवाज आपोआप बारीक व्हायचा. आईनं एकदा विचारलंसुद्धा, घसा बसला का रे?

समिती मोडली नाही. दुसरी बाई अध्यक्ष झाली, गस्त चालू राहिली, बांबू राखला गेला, आग लागली नाही. तानाबाईही रोज खडकावर येऊन बसत होत्या. शिक्का नव्हता, पण मोजणी त्यांनी सोडली नाही, आणि आता कुणी कितीही बोलावलं तरी जागेवरून उठत नसत. बदल झाला तो एवढाच की त्या मला भाऊ म्हणेनाशा झाल्या. साहेब म्हणू लागल्या. मी जंगलातून बाहेर येऊन माझं पान नाल्यात टाकलं की त्या हमखास विचारायच्या, ‘काई सांगाचं हाय काय, साहेब?’

‘नाही बाई. आज सगळं ठीक आहे.’

‘बरं.’

आठवड्यातून दोन-तीनदा तरी हे व्हायचं. आधी मला वाटलं, जंगलाची खबर विचारतात. मग वाटेनासं झालं. कधी कधी मी मुद्दाम उशीर करायचो, की त्या थकून जातील. त्या जात नसत. खडकावर माझं एक पान असायचं आणि त्याच्या शेजारी त्या.

गाव माझ्याशी वाईट वागलं नाही. घरोघरी चहा मिळायचा. फक्त मी आलो की बोलणं थांबायचं आणि मी कप खाली ठेवून उठेपर्यंत सुरू व्हायचं नाही. गस्तीला चैतरामची पाळी असली की तो नेहमी माझ्या मागे चालायचा. पायवाट अरुंद असते, एकामागे एकच चालावं लागतं. पुढे वाघीण कुठं आहे याची मला काळजी असायची आणि पाठीला त्याच्या पावलांचा आवाज असायचा, ना जवळ येणारा ना लांब जाणारा. मी थांबलो की तो थांबायचा. दोन वर्षांत त्यानं माझ्याशी वाटेबद्दल सोडून एक शब्द उच्चारला नाही. मी बदलीचा अर्ज केला.

निघायच्या दिवशी तानाबाईंना भेटायला गेलो. सामान गाडीत भरलेलं होतं. त्या खडकावरच होत्या, खूप वाळल्या होत्या. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तो बराच वेळ तसाच ठेवला आणि विचारलं, ‘काई सांगाचं हाय काय?’ या वेळी साहेब म्हणाल्या नाहीत. आणखी क्षणभर थांबलो असतो तर सगळं बाहेर पडलं असतं. मी म्हटलं, ‘तब्येतीला जपा, बाई.’

‘बरं,’ त्या म्हणाल्या आणि हात काढून घेतला.

माझी बदली मोहर्लीच्या बाजूला झाली. तिथं फाटकावर सफारीच्या जिप्सी मोजायच्या, माणसं मोजायची, ओळखपत्रं तपासायची. सगळं संगणकावर. मी ते काम इतक्या काटेकोरपणे करतो की सहकारी थट्टा करतात, गाडी बाहेर आली तरी हा माणसं उतरवून मोजतो म्हणतात. तिथं असताना तीन वर्षांनी जामटोल्याच्या जुन्या ग्रुपवर तानाबाईंचा फोटो आला, खाली फुलं. ताप आला होता, चार दिवसांत गेल्या.

तेरवीला मी गेलो. रजा घेतली तेव्हाच ठरवलं होतं की आता बोलायचं. मांडवात पंगत बसत होती. मी बसलो नाही. उभ्यानंच, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो. त्या दिवशी खडकावरची पानं मी झाडली होती. मोजायचं माझ्याकडे होतं. बाईंनी आपल्यावर घेतलं आणि मी गप्प बसलो. मैनाबाईंच्या मरणाला मी कारण आहे, बाईंचा त्यात काही दोष नव्हता. बोलताना मी रडत होतो, ते लपवलं नाही.

कुणी दचकलं नाही. बायांनी एकमेकींकडे पाहिलंसुद्धा नाही. चैतराम भाताचं घमेलं घेऊन वाढत होता, तो माझ्यासमोर येऊन थांबला. केस पार पिकले होते.

‘मालूम हाय,’ तो म्हणाला.

मी विचारलं, ‘कधीपासून?’

‘त्याच दिसापासून. वयनीनं सगळ्याईले सांगतलं, सभेच्या आंदी. अन् म्हने, कोनी त्याले बोट लावाचं नाई, कोनी त्याले इचाराचं नाई. थो सोता सांगन. सभेत नाई सांगतलं, त म्हने, उद्या सांगन.’ त्यानं घमेलं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. ‘तापात बी इचारे, नाकेदार आला व्हता काय म्हून.’

‘मी आता सांगितलं ना, चैतरामभाऊ,’ मी म्हटलं.

‘वाट वयनी पाहे तुमची,’ तो म्हणाला. ‘आमी नाई.’

आणि तो पुढच्या माणसाला वाढायला गेला. पंगत जेवू लागली. मी मांडवाच्या मधोमध उभा होतो. बसा, असं कुणी म्हणालं नाही.